पणाची दुप्पट : केव्हा स्वीकारावी, केव्हा नाकारावी

सभापर्वातील द्यूतात युधिष्ठिर प्रत्येक हारीनंतर नवा पण लावीत गेला आणि अखेर राज्य, बंधू व पत्नीही गमावून बसला. गेलेले परत मिळविण्यासाठी पण वाढविणे, ही द्यूतातील सर्वांत जुनी चूक होय. पण वाढविण्यालाच हिशेबाची शिस्त लावणारा खेळ म्हणजे बॅकगॅमन.

कर्नाटकातील पगडे वा चौकाबारा यांच्याप्रमाणेच हाही पटावरील शर्यतीचा खेळ आहे. प्रत्येक खेळाडूच्या १५ सोंगट्या असतात. १९२०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये या खेळात पण दुप्पट करण्याची प्रथा सुरू झाली. त्यासाठी २ ते ६४ असे दुपटीचे आकडे कोरलेला ठोकळा वापरतात. आपले पारडे जड दिसताच खेळाडू फासे टाकण्यापूर्वी दुपटीचा प्रस्ताव मांडतो. प्रतिस्पर्ध्याने नकार दिल्यास त्याला चालू पण देऊन डाव सोडावा लागतो. स्वीकारल्यास डाव दुप्पट पणावर चालतो व पुढील दुपटीचा अधिकार केवळ स्वीकारणाऱ्याकडे जातो.

स्वीकार केव्हा करावा? पण १०० रुपये आहे असे समजू. अशा चार डावांत दरवेळी नकार दिल्यास ४०० रुपये जातात. दरवेळी स्वीकारून एक डाव जिंकला व तीन हरले, तर २०० मिळतात, ६०० जातात; तोटा तेवढाच. अर्थात, जिंकण्याची शक्यता २५ टक्क्यांहून अधिक असेल तरच स्वीकार हितावह. दुपटीच्या अधिकारामुळे व मोठ्या हारीच्या भीतीमुळे हे प्रमाण थोडे बदलते, तत्त्व मात्र कायम राहते. तथापि सहा दुपटींत १०० रुपयांचे ६,४०० होतात, हेही विसरू नये.

खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा वाद बेंगळुरूच्या उच्च न्यायालयातही गाजला. कर्नाटकाने २०२१ साली पणावरील ऑनलाइन खेळांवर घातलेल्या बंदीच्या मुख्य तरतुदी न्यायालयाने १४ फेब्रुवारी २०२२ रोजी रद्द ठरविल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने मात्र हा भेद बाजूस सारला. कोणत्याही प्रकारच्या पैशांच्या ऑनलाइन खेळास त्यात मनाई असून, अशा खेळांचे आर्थिक व्यवहार करण्यास बँकांनाही मज्जाव आहे.

या ठोकळ्याचा धडा मात्र खातेदारांच्या नित्य उपयोगाचा आहे. तोट्यातील दुकान सावरण्यासाठी दुसरे कर्ज घेणे, ही एक दुप्पटच होय. आजवर किती रक्कम घातली, हा प्रश्न तेथे गौण ठरतो. यापुढे घातलेला रुपया परत येण्याची शक्यता किती, हाच खरा प्रश्न. वेळीच सोडलेला डाव ही हार खरी. परंतु ती मोजून पत्करलेली हार असते, आणि तिच्यानंतर घर शाबूत राहते.