सोंग घेण्याची हौस

दिवाळीची सुटी लागली की ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या सोसायट्यांच्या आवारांत अजूनही मातीचे किल्ले उभे राहतात. दगडविटांच्या राशीवर गोणपाट पांघरायचे, त्यावर चिखल लिंपायचा, हळीव-मोहरी पेरून चार दिवस हिरवळीची वाट पाहायची आणि मग बाजारातून आणलेले मावळे बुरुजाबुरुजांवर उभे करायचे, हा कार्यक्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. कल्याणची तर गंमतच आहे. तेथे खाडीच्या काठी खराखुरा दुर्गाडी उभा आहे. १६५७ साली कल्याण स्वराज्यात आल्यावर शिवाजी महाराजांनी आरमाराची सुरुवात केली ती याच परिसरात. आणि त्याच गावातली पोरे अंगणात दोन हात लांबीचा नवा किल्ला बांधत बसतात! याचे कारण उघड आहे. खऱ्या किल्ल्यावर आपण पाहुणे असतो. मातीच्या किल्ल्यावर आपण किल्लेदार असतो.

हीच पोरे संध्याकाळी हातपाय धुऊन वर जातात आणि संगणकापुढे बसतात. मग आई विचारते, “पुन्हा तोच खेळ?” वडील म्हणतात, “डोळ्यांची वाट लागेल.” आजोबांना पडद्यावर एक दाढीवाला मनुष्य घोड्यावरून चाललेला दिसतो आणि हा सिनेमा आहे की खेळ, याचा त्यांना उलगडा होत नाही. खरे सांगायचे तर आजोबांचा गोंधळ फारसा चुकीचा नाही.

व्हिडिओ गेम म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो धडाधड गोळीबार. पण या खेळांत एक निराळे कूळ आहे. खेळणारी मुले त्याला ‘आरपीजी’ म्हणतात. आपण ‘भूमिकेचे खेळ’ म्हणू. यात आरंभीच तुम्हाला विचारतात, तुम्ही कोण होणार? योद्धा, जादूगार, चोर की वैद्य? मग त्या पात्राचे नाव, नाकडोळे, अंगची ताकद, चपळाई, बुद्धी हे सगळे ठरवायचे आणि एका अफाट मुलुखात पाऊल टाकायचे. गावकरी भेटतात, गाऱ्हाणी सांगतात. कुणाची मुलगी हरवली आहे, कुणाच्या विहिरीत काही भलतेच शिरले आहे. मदत करायची, पैसे मागायचे की कानाडोळा करून पुढे जायचे, हे तुम्ही ठरवता. आणि पुष्कळदा त्या निर्णयाचे फळ वीस तासांनंतर पुढ्यात येते. आपल्याकडे म्हणतात, सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही. या खेळांत तेही आणता येते. थैलीत सोन्याची नाणी खुळखुळत असतात.

या कुळाचा मूळपुरुष संगणक नव्हे. कागद, पेन्सिल आणि फासे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात गॅरी गायगॅक्स नावाचे गृहस्थ होते. विमा कंपनीतली नोकरी गेल्यावर ते घरी जोडे दुरुस्त करीत. लुटुपुटुच्या लढायांचा त्यांना भारी नाद. मिनेसोटाच्या डेव्ह आर्नेसन यांनी त्या लढायांत एक नवी गंमत आणली होती : प्रत्येक खेळाडूने सैन्य न चालवता एकाच माणसाची भूमिका घ्यायची. दोघांनी मिळून १९७४ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ काढला. पहिल्या खेपेला अवघ्या १००० पेट्या छापल्या. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसे व्हायचे, आणि शंका आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. एवढेच त्याचे भांडवल. लवकरच विद्यापीठांतल्या पोरांनी तो खेळ मोठाल्या संगणकांवर चढवला, आणि १९८१ साली ‘अल्टिमा’ व ‘विझार्ड्री’ हे दोन खेळ घरगुती संगणकावर आले.

त्या ‘अल्टिमा’च्या चौथ्या भागाची, म्हणजे १९८५ सालची, हकीकत मराठी वाचकाला अवश्य सांगण्याजोगी आहे. रिचर्ड गॅरियट हा त्याचा कर्ता. तोवरच्या खेळांत शेवटी एक दुष्ट राक्षस असे व त्याला मारले की खेळ संपे. गॅरियटने राक्षसच काढून टाकला! खेळाचे ध्येय काय, तर आठ सद्गुण अंगी बाणवून ‘अवतार’ व्हायचे. हा शब्द त्याने आपल्याकडूनच उचलला. खेळाच्या आरंभी एक भविष्य सांगणारी बाई तुम्हाला पेचाचे प्रश्न घालते. सत्य सांगून मित्राला दुखवाल, की दयेपोटी गप्प राहाल? गावात औषधी विकणारी एक आंधळी बाई आहे. तुम्ही जे द्याल ते ती मुकाट्याने घेते. कमी पैसे टेकवून निघालात, तर तिला कळत नाही, शिपाई धावून येत नाही, काहीही होत नाही. मात्र खेळाच्या खात्यात तुमचा प्रामाणिकपणा गुपचूप घटतो, आणि पुढे राजवाड्यातला एक ज्ञानी पुरुष तो हिशेब तुमच्यापुढे ठेवतो. तेव्हा काखोटीला मारलेल्या चार नाण्यांची आठवण होऊन चांगले मिसरूड फुटलेले गडीही ओशाळत. चित्रे ठिपक्याठिपक्यांची, आवाज किरकिऱ्या. पण आंधळ्या बाईला फसवल्याची टोचणी अगदी खरी. माझ्या मते या खेळांची सारी मोहिनी तेथे आहे. पुढे चित्रे सुंदर झाली, संगीत आले, पण मूळ भांडवल तेच राहिले.

जपानात तर या खेळांनी धुमाकूळ घातला. १९८८ च्या फेब्रुवारीत ‘ड्रॅगन क्वेस्ट’चा तिसरा भाग विक्रीला आला, तेव्हा दुकानांपुढे प्रचंड रांगा लागल्या आणि शाळा बुडवून रांगेत उभ्या राहिलेल्या पोरांना पोलिसांनी धरले. तोच खेळ नवा साज लेवून २०२४ च्या नोव्हेंबरात पुन्हा बाजारात आला. त्या रांगेतली पोरे आता पन्नाशीच्या आसपास आहेत. १९९७ सालच्या ‘फायनल फँटसी’च्या सातव्या भागात एक लाघवी मुलगी मध्येच मारली जाते, काही केले तरी तिला वाचवता येत नाही. जगभरच्या मुलांनी त्या ठोकळ्या-ठोकळ्यांच्या मुलीसाठी डोळे पुसले. आणि २०२३ साली बेल्जियमच्या एका कंपनीने काढलेल्या ‘बाल्डर्स गेट ३’ने त्या वर्षीचे मोठमोठे मान पटकावले, त्यात तर पडद्यावर चक्क वीस बाजूंचा फासा गरगरतो. चप्पल-जोडे शिवणाऱ्या गायगॅक्सचा फासा पन्नास वर्षे फिरतोच आहे.

आता कुणी म्हणेल, ही सारी परदेशी खुळे. तसे मुळीच नाही. मोखाडा-जव्हारच्या डोंगरात, जो मुलूख २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच मोडत असे, बोहाडा होतो. संबळ वाजतो, देवदैत्यांचे भले थोरले मुखवटे चढवून सोंगे निघतात, आणि दिवसा शेतात राबणारा माणूस रात्री देव होऊन नाचतो. कोकणातला दशावतार तर या खेळांचा सख्खा भाऊ शोभावा. तेथे संवाद लिहिलेले नसतात. कथानक ठरते, भूमिका वाटल्या जातात आणि मग नटाने रंगमंचावर उभे राहून सुचेल ते बोलायचे. ठाण्या-डोंबिवलीत सिंधुदुर्गाकडची घरे काय थोडी आहेत? त्यांना हे नव्याने सांगायला नको. शिवाय हौशी नाटकवाले आहेतच. दिवसभर खर्डेघाशी करायची, संध्याकाळी तालीम करायची आणि स्पर्धेच्या रात्री संभाजी होऊन गर्जायचे, यात कारकुनांच्या, गिरणीवाल्यांच्या, रेल्वेवाल्यांच्या किती पिढ्या सुखावल्या! गडकरी रंगायतनच्या पायऱ्यांवर उभे राहून प्रयोगावर तावातावाने बोलणाऱ्या माणसाला सोंगाची गोडी समजावून सांगण्याची गरज नाही.

तरीही एक फरक आहे, आणि तो आमच्या या गाववस्तीत अधिक जाणवतो. येथल्या नोकरदाराचे आयुष्य रुळांवरचे आहे. अक्षरशः! १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोचले, आणि तेव्हापासून आमचे घड्याळ त्या गाडीला बांधले गेले. येण्याजाण्याचे रोज अडीच तास धरा, महिन्याचे पंचवीस दिवस धरा. बासष्ट तास केवळ लोंबकळण्यात जातात. एवढ्या वेळात ‘द विचर ३’ची मुख्य कथा आरामात संपते. (सकाळच्या जलद गाडीत खेळावे म्हणाल, तर डोंबिवलीला चढलेल्या माणसाला खिशातला रुमाल काढण्याचीही सोय नसते, खेळायचे कसले?) कचेरीत दहा वर्षे इमानाने घासली, तरी माणूस पुढे सरकला की नाही, हे त्याचे त्यालाच कळत नाही. खेळात प्रत्येक कष्टाची नोंद होते. इतके अनुभवाचे गुण झाले, एक पायरी चढलात, हे नवे कौशल्य घ्या! या खेळांच्या मोहिनीतला हा सर्वांत हलका भाग आहे असे मी मानतो. पण ज्याच्या पदरात असे माप कधीच पडले नाही, त्याला तो हलका वाटणार नाही.

मात्र केवळ गुण मिळवण्यापायी कुणी वर्षानुवर्षे खेळत नाही. नॉर्वेतल्या मॅट्स स्टीन या तरुणाची गोष्ट ऐका. त्याला स्नायू झिजवणारा जन्मजात आजार होता. लहानपणीच चाकाची खुर्ची आली. हळूहळू हात, मग बोटे निकामी होत गेली. दिवसरात्र तो ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा खेळ खेळत असे. त्यात जगभरची माणसे एकाच वेळी एकाच मुलुखात वावरतात. आईबापांना वाटे, बिचारा पोरगा, मित्र नाहीत, प्रेम नाही, खिडकी लावून एकटा बसतो. २०१४ साली पंचविसाव्या वर्षी तो गेला. वडिलांनी त्याच्या लेखनाच्या पानावर निधनाची वार्ता लिहिली, आणि युरोपभरातून पत्रांचा ओघ लागला. खेळात मॅट्सचे नाव होते इबेलिन : धिप्पाड, देखणा, रोज मैलोगणती धावणारा सरदार. त्या इबेलिनने एका आईला तिच्या अबोल मुलाशी बोलायची वाट दाखवली होती. एका खचलेल्या मुलीला धीर दिला होता. त्यातले काही जण विमानाने अंत्यविधीला आले. खेळातले त्यांचे जुने संवाद जतन झालेले होते. त्यांवरून निघालेला अनुबोधपट २०२४ साली जगभर पाहिला गेला. मॅट्स आपल्या मित्रांना आजाराविषयी कितीतरी काळ काही सांगतच नव्हता. त्याला तेथे रोगी व्हायचे नव्हते.

म्हणून ‘खोटे जग’ असा शेरा मारून या विषयाला कुलूप घालणे मला पटत नाही.

अर्थात, आईबापांची काळजी निराधार आहे असेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली खेळाच्या व्यसनाला आजारांच्या यादीत घेतले. ताबा सुटणे, बाकी सारे मागे पडणे, नुकसान दिसत असूनही न थांबणे, आणि हे साधारण वर्षभर चालू राहणे, अशी त्याची लक्षणे सांगितली. चार दिवसांच्या सुटीत पोरगा खेळात बुडाला म्हणजे तो आजारी झाला, असे कुणी समजू नये. मला खरी भीती वाटते ती निराळ्या गोष्टीची. मोबाइलवरच्या कित्येक फुकट भूमिका-खेळांत आवडता वीर हवा असेल तर पैसे भरून चिठ्ठी उचलावी लागते. निघाला तर निघाला. २०२५ च्या कायद्याने पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर देशात बंदी आली हे ठीकच झाले, पण चिठ्ठीची चटक मुलाला लागते आहे का, हे पालकांनीच पाहायला हवे. आणि ते पाहायचे तर पाच मिनिटे त्याच्या शेजारी बसायला हवे.

आणखी एक रुखरुख. आंद्झेय सापकोव्स्की या पोलिश लेखकाने आपल्या भाषेत गोष्टी लिहिल्या. वॉर्सामधल्या मंडळींनी त्यांवर ‘द विचर’ रचला आणि त्याच्या तिसऱ्या भागाच्या पाच कोटींहून अधिक प्रती खपल्या. एस्टोनियाची गोष्ट त्याहून बोलकी आहे. सारा देश तेरा-चौदा लाखांचा. २०११ च्या जनगणनेत आमची एकटी कल्याण-डोंबिवली महापालिका साडेबारा लाखांच्या जवळ होती! तिथला रॉबर्ट कुर्वित्झ हा कादंबरीकार. त्याची कादंबरी फारशी खपली नाही. मित्रांबरोबर टेबलावर फासे टाकत रचलेल्या त्याच कल्पित जगातून २०१९ साली ‘डिस्को एलिझियम’ निघाला. त्यात लढाई जवळजवळ नाहीच. स्मृती गेलेला एक दारुडा पोलीस आणि त्याच्या डोक्यात भांडणारे त्याचेच गुण-अवगुण. खेळ इंग्रजीत निघाला हे खरे, पण त्यातला ओला, मोडका, समुद्रकाठचा गाव घरचा वाटतो. आपल्याकडे पुण्याच्या एका चमूने २०२० साली ‘राजी’ हा साहसखेळ काढला. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघालेली मुलगी, पाठीशी दुर्गा आणि विष्णू. कौतुकाचीच गोष्ट. पण तो लढाईप्रधान आहे. गावकऱ्याशी चार शब्द बोलून, “काय हो, वाडा कुणाचा?” असे मराठीत विचारणारा मोठा भूमिका-खेळ अजून माझ्या पाहण्यात नाही.

पडद्यावर नाही, टेबलावर मात्र आहे. ठाण्यात एका स्नेह्याच्या घरी रविवारी पाच जण जमले होते. पुस्तक इंग्रजी, फासे परदेशी, चिवडा घरचा. गोष्ट सांगणारा बँकेत नोकरीला. खेळणाऱ्यांत औषधाच्या दुकानात काम करणारा एक मुलगा होता. आल्यापासून तासभर तो ‘हो’ आणि ‘नाही’ यांपलीकडे बोलला नव्हता. त्याने घेतलेली भूमिका एका दरवडेखोराची.

“वेशीवर पहारेकरी आहे,” सांगणारा म्हणाला. “दार बंद. रात्र झालीय. काय करणार?”

एकीने तलवार काढायचे ठरवले. तेवढ्यात तो मुलगा म्हणाला, “थांब. मी बोलतो.” आणि बोलू लागला. पहारेकऱ्याच्या आईची चौकशी केली, थंडीबद्दल हळहळला, आपण लुटारू नसून वरातीतून चुकलेले वाजंत्री आहोत असे बेमालूम सांगितले, वाद्ये कुठे आहेत विचारताच ती नवरदेवाकडच्यांनी भांडणात ठेवून घेतली म्हणून गळा काढला. दहा मिनिटे खोलीत दुसरे कुणी बोलले नाही.

त्याने फाशाकडे हात नेला, तेव्हा सांगणाऱ्याने तो बाजूला सरकवला.

“फासा नको,” तो म्हणाला. “दार उघडलं.”