कुमार कुस्तीगिरांच्या सरावातील पालकांचा सहभाग : स्वरूप व मर्यादा

प्रस्तावना :
जानेवारी २०२० मध्ये पुणे येथे हर्षवर्धन सदगीर यांनी नाशिक जिल्ह्याचे प्रतिनिधित्व करीत महाराष्ट्र केसरी किताब जिंकला. अकोले तालुक्यातील कोंभाळणे हे त्यांचे गाव. भगूरची बलकवडे व्यायामशाळा व पुढे पुण्यातील काका पवार यांची तालीम ही त्यांच्या सरावाची ठिकाणे. घरापासून दूर घडणाऱ्या मल्लाच्या जीवनात पालकांचे स्थान कोणते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पारंपरिक विभागणी :
तालमीत मुलगा वस्तादांच्या स्वाधीन केला जातो. जोर-बैठका, डाव, लढतीची जोड हे वस्ताद ठरवितात. दूध, तूप, बदाम यांचा खुराक व त्याचा खर्च घराकडे असतो. कांदा वा द्राक्षाच्या उत्पन्नावर चालणाऱ्या घरात भाव कोसळले की खुराक चालू ठेवणे हीच पालकांची कसोटी ठरते. म्हणून हा सहभाग हौद्याबाहेरचा असला तरी दुय्यम नव्हे.

काही ठिकाणी वडीलच वस्ताद असतात. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव यांना कुस्तीचे पहिले धडे वडिलांकडूनच मिळाले. हरियाणातील महावीरसिंग फोगट यांनी आपल्या मुलींना घडविले. मात्र अशा घरात पराभवानंतर मुलाला तालमीपासून वेगळा असा विसावा उरत नाही, हेही लक्षात घ्यावे लागते.

सहभागाची मर्यादा :
मॅटवरील कुस्तीत प्रत्येक गुण फलकावर दिसतो. त्यामुळे पालक कडेला उभे राहून सूचना देऊ लागतात. वस्ताद एक सांगतात, वडील दुसरे. क्षणार्धात निर्णय घ्यावयाचा मल्ल गोंधळतो. जीन कोटे यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कॅनडातील खेळाडूंच्या कुटुंबांच्या अभ्यासात असे आढळते की, बालपणी पालक पुढाकार घेतात आणि पुढे त्यांची भूमिका आधार देणाऱ्याची होते. वस्तादांच्या स्वाधीन करण्याच्या आपल्या प्रथेत हाच क्रम दिसतो.

वजनगटाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. खालच्या गटात खेळविण्याच्या हट्टापायी मुलास उपाशी ठेवणे, पाणी तोडणे धोक्याचे असते. १९९७ मध्ये अमेरिकेत घाम गाळून झपाट्याने वजन घटविताना तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर मृत्युमुखी पडले. त्यानंतर तेथील नियम बदलण्यात आले. येथे पालकांनी गप्प राहणे योग्य नाही. डावांबाबत मौन आणि आरोग्याबाबत जागरूकता, हीच सहभागाची खरी सीमारेषा होय.

निष्कर्ष :
मल्ल महाविद्यालयात येतो तेव्हा पालक व वस्ताद यांच्याबरोबर प्राध्यापकांचीही जबाबदारी सुरू होते. सत्रारंभी शारीरिक शिक्षण संचालकांनी पालक व वस्ताद यांची एकत्र बैठक घेऊन वजनगट, दुखापत, उपस्थिती व परीक्षा यांविषयी निर्णय करावेत. पदक सर्वांनाच मिळत नाही. परंतु शरीर सुदृढ आणि शिक्षण अखंड राहिले, तर तालमीतील वर्षे वाया गेली असे कोणत्याही पालकास वाटणार नाही.