पट्टा आवळताच वाढणारा रक्तदाब
दवाखान्यात दंडाभोवती पट्टा आवळला गेला की अनेकांची छाती धडधडू लागते आणि रक्तदाब खरोखरच वाढतो. त्यात लाजण्यासारखे काही नाही. मात्र तो ‘भीतीचाच’ असे स्वतः ठरवून गोळ्या बंद करू नका. घरी सात दिवस सकाळी गोळीपूर्वी व संध्याकाळी रक्तदाब मोजा. आधी लघवीला जाऊन या, पाठ टेकून पाच मिनिटे स्वस्थ बसा, हात हृदयाच्या पातळीवर टेकवा, बोलू नका. घरच्यांनीही तेवढा वेळ प्रश्न विचारू नयेत! मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून आकडे वहीत लिहा. मनाजोगता आकडा येईपर्यंत मोजत राहिल्याने भीतीच वाढते. पहिला दिवस वगळून सरासरी १३५/८५ वा अधिक आली, तर ती वही डॉक्टरांना दाखवा. कमी आली तरीही दाखवा.