चॉन भाषांचा अस्त

दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोंकास पॅटागोनिया हा उजाड प्रदेश आहे. आणि मॅगेलनची सामुद्रधुनी ओलांडली कीं तिएरा देल फुएगो हें बेट लागतें. तेथें पूर्वीं चॉन नांवाच्या एका लहानशा कुलांतील भाषा चालत. मुख्य भूमीवर तेहुएल्चे व तेउशेन आणि बेटावर सेल्कनाम व हाउश, अशा या चार भगिनी होत. आज यांपैकीं एकही भाषा घरोघर बोलली जात नाहीं. ही स्थिति कां आली, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

या भाषा दरिद्री होत्या असें मात्र कोणीं समजूं नये. आपण 'क' व 'ख' यांत भेद करतों तो श्वासाच्या जोरावर. तेहुएल्चे भाषेंत साधा 'क' आणि कंठ क्षणभर बंद करून झटक्यानें सोडलेला 'क' असे दोन निरनिराळे वर्ण आहेत.

या बाजूच्या भाषेचे शब्द युरोपियनांच्या लेखणींत प्रथम 1520 च्या सफरींत आले. मॅगेलनच्या ताफ्यांतील पिगाफेत्ता यानें जहाजावर पकडून नेलेल्या एका पॅटागोनियन मनुष्याच्या तोंडून सुमारे 90 शब्द उतरून घेतले. तो कैदी वाटेंतच वारला. त्या शब्दांत थोरल्या सैतानाचें नांव 'सेतेबोस' असें आहे. ज्या विद्यार्थ्यांनीं शेक्सपियरचें 'टेंपेस्ट' वाचलें असेल, त्यांस कॅलिबनच्या आईचा देव आठवेल. तें नांव हेंच.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेटावर मेंढ्यांचे मोठमोठे कळप आले. शिकारीच्या रानास तारेचें कुंपण पडलें. भुकेल्या सेल्कनामांनीं मेंढ्या मारल्या, तेव्हां कित्येक मालकांनीं त्या माणसांसच मारणारास बक्षिसें दिलीं. उरलेल्यांपैकीं पुष्कळांस डॉसन बेटावरील सालेशियन मिशनमध्यें (1889–1911) आश्रय मिळाला. परंतु तेथें सांथीच्या रोगांनीं ते फार मेले. त्याच संघाचे फादर बोवुआर यांनीं 1915 सालीं सेल्कनामांची भाषा व चालीरीति यांवर ग्रंथ छापविला. शब्द कागदावर राहिले; बोलणारीं माणसें राहिलीं नाहींत.

तेहुएल्चे भाषेचा शेवट अधिक निमूटपणें झाला. शाळा व बाजार यांची भाषा स्पॅनिश झाली, आणि आईबापांनीं मुलांशीं स्वभाषेंत बोलणें सोडलें. ती अस्खलित बोलणाऱ्या शेवटच्या बाई, दोरा मांचादो, जानेवारी 2019 मध्यें निवर्तल्या. त्यांनीं मागें ठेवलेल्या ध्वनिमुद्रणांवरून त्यांचे जातभाई आतां ती पुन्हां शिकत आहेत. चिली देशानेंही 2023 सालीं सेल्कनाम हे विद्यमान लोक आहेत असें कायद्यानें मान्य केलें.

विद्यार्थीमित्रहो, कोश ही भाषेची मोठी सेवा होय. तथापि आईनें हांक मारली असतां मूल ज्या भाषेंत ओ देतें, तीच भाषा जगते.