जांगडावर गेम मिळत नाही

सुरतेतल्या आमच्या कतारगामात हिरा जांगडावर मिळतो. म्हणजे माल घेऊन जा, आयग्लासखाली निवांत बघा, दुसऱ्या कुणाला दाखवा. पटला तर ठेवा, नाही तर पुडीसकट परत करा. सोबत एक चिठ्ठी असते, तिच्यावर वजन आणि नग लिहिलेले असतात, बस. लाखोंचा माल या एवढ्याशा कागदावर आणि विश्वासावर फिरतो. मी प्लॅनिंगला बसतो. रफ हिरा मशीनमध्ये स्कॅन होतो, त्याच्या पोटातले डाग माझ्या स्क्रीनवर दिसतात, आणि कुठून कापला तर डाग निघेल नि वजनही फार जाणार नाही, हे मला ठरवायचं असतं. दिवसभर डाग मोजून घरी आल्यावर मी काय करतो? तर डागांनी भरलेले व्हिडिओ गेम खेळतो.

वडील अमळनेरहून सुरतेला आले ते जीआयडीसीतल्या एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात. आपली बहुतेक खान्देशी मंडळी लिंबायत, उधन्याकडे. आम्ही कतारगामात काठियावाडी शेजाऱ्यांत वाढलो. घरात अहिराणी, गल्लीत गुजराती, आणि वेड रोडच्या सायबर कॅफेत 'आयजीआय'. दोन हजार सालच्या डिसेंबरात आलेला हा नॉर्वेच्या एका कंपनीचा गेम आपल्याकडच्या कॅफेंत पुढे कित्येक वर्षं चालला. एकटा माणूस, समोर अख्खा लष्करी तळ. धडाधड गोळ्या झाडत निघालात की कॅमेरा टिपणार, अलार्म वाजणार, आणि बरॅकीतून शिपाई येतच राहणार. मिशनच्या मध्ये सेव्ह करायची सोय नाही. पंचवीस मिनिटं सरपटत जावं आणि शेवटच्या दारात मरावं, की पहिल्यापासून सुरू. तासाचे वीस रुपये तर चालूच. लपायचं कसं, ते आम्ही पैसे वाचवण्यापायी शिकलो.

या लपतछपत खेळण्याला गेमवाले 'स्टेल्थ' म्हणतात. त्याची आतली रचना कळली की मजा वाढते. पहारेकऱ्याला डोळे नसतात. त्याच्या चेहऱ्यापुढे टॉर्चच्या झोतासारखा एक अदृश्य शंकू असतो. तुम्ही त्या शंकूत आलात की गेम त्याच्या डोक्यापासून तुमच्या डोक्यापर्यंत, छातीपर्यंत सरळ रेषा ओढून बघतो. मध्ये भिंत किंवा खोकं आडवं आलं तर तुम्ही सुटलात. आवाजासाठी वेगळं वर्तुळ: पळालात तर मोठं, वाकून चाललात तर लहान. शिवाय चांगल्या गेममध्ये गार्ड एकदम ओरडत नाही. आधी त्याला शंका येते, मान वळते, तो दोन पावलं पुढे येतो, 'कुणी नाही' म्हणत परत जातो. शंकेचा काटा पूर्ण भरला तरच बोंब. 1998 च्या 'थीफ' या गेममध्ये तर स्क्रीनच्या तळाशी एक रत्न होतं. तुम्ही उजेडात आलात की ते उजळायचं, अंधारात गेलात की विझायचं. आमच्या धंद्यातल्या माणसाला आणखी काय हवं?

म्हणजे स्टेल्थ हा खेळाडू आणि गेम यांच्यातला करार आहे. मला दिसतं ते खरं आहे, गार्डला दिसायला हवं तेवढंच दिसतं, आणि चूक झालीच तर ती माझी. जांगडाच्या चिठ्ठीसारखंच हे, भरवशावर चालणारं.

आता ओपन वर्ल्ड घ्या. ओपन वर्ल्ड म्हणजे गेममध्ये एकेक खोली किंवा लेव्हल नाही. अख्खं शहर मोकळं, वाटेल तिकडून जा. पण हे शहर एका वेळी मशीनच्या मेमरीत मावत नाही. तुमच्या आसपासचा तुकडा तेवढा आत येतो, मागचा बाहेर जातो, लांबचे गार्ड जवळजवळ झोपेतच असतात. शिवाय तुम्हाला दिसणारी भिंत आणि ती रेषा अडवणारी भिंत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक चित्र, दुसरा सांगाडा. चित्र आलं आणि सांगाडा यायचा राहिला, की पलीकडचा गार्ड विटांतून आरपार बघतो. कुठल्या बाजूने, किती वाजता, पावसात की उन्हात, गाडीवरून की पायी, असे हजार रस्ते एकमेकांत मिसळतात, आणि विकायच्या आधी प्रत्येक रस्त्यावर माणूस चालवून बघणं शक्य नसतं.

म्हणून माझं म्हणणं असं, की कच्च्या गेमचा पहिला बळी स्टेल्थ असतो. गोळीबारात बग, म्हणजे प्रोग्रॅममधली चूक, आला तर हसू येतं. मेलेला माणूस हवेत तरंगतो, आपण फोटो काढून मित्राला पाठवतो. लपताना बग आला की करारच मोडतो. एका गेममध्ये (नाव जाऊ द्या) माझा आतेभाऊ तासभर एका गोदामात शिरत होता. दिवे बंद केले, एक गार्ड झोपवला, खोक्यामागे बसला. गार्ड आला की हा स्वतःही कॉटवर मान खाली घालायचा, श्वास धरून. तेवढ्यात जिन्यावरचा एक गार्ड पायऱ्यांतून अर्धा खाली घसरला, कमरेपर्यंत सिमेंटमध्ये, आणि तिथून त्याने याला पाहिलं. अलार्म वाजला. भाऊ इतका जोरात ओरडला की स्वयंपाकघरातून आई धावत आली, "काय व्हयनं रे? कोण उना?" तिला वाटलं, चोर शिरला. एका परीने बरोबरच होतं.

नावं घ्यायची तर जगजाहीर प्रकरणंच घेऊ. 11 नोव्हेंबर 2014 ला युबिसॉफ्टचा 'असॅसिन्स क्रीड युनिटी' आला. फ्रेंच राज्यक्रांतीतलं पॅरिस, गच्च गर्दी, आणि त्या मालिकेत पहिल्यांदाच वाकून दबकत चालण्यासाठी खास बटण. म्हणजे खरं तर स्टेल्थवाल्यांची दिवाळी. पण गाजला तो चेहऱ्यावरचं कातडं गायब झालेल्या पात्रांमुळे: नुसते डोळे, दात आणि केस. विक्री सुरू होऊन काही तास उलटेपर्यंत परीक्षणं छापायला समीक्षकांना मनाई होती. कंपनीने त्याच महिन्यात माफी मागितली आणि गेमचा पुढचा भाग, 'डेड किंग्ज', सगळ्यांना फुकट दिला.

सहा वर्षांनी, 10 डिसेंबर 2020 ला, पोलंडचा 'सायबरपंक 2077' आला. तीनदा पुढे ढकललेला, तरी 80 लाख लोकांनी आधीच पैसे भरलेले. समीक्षकांना आधी दिली होती फक्त पीसीवरची आवृत्ती. जुन्या प्लेस्टेशनवर काय वाढून ठेवलंय ते कुणाला दिसलंच नाही. गुन्हा केला की पोलीस थेट पाठीमागे उगवायचे, रस्त्यावरून येण्याची भानगडच नाही. आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला आणि लोकांचे पैसे परत देऊ केले. जून 2021 पर्यंत तो परत आला नाही. पोलिसांची ती तऱ्हा नीट सुधारली 2023 च्या सप्टेंबरात, 2.0 अपडेटमध्ये. दोन्ही वेळा तेच: माल बघायच्या आत पैसे. आमच्याकडे असा व्यवहार कुणी मांडला तर समोरचा चहाही पाजणार नाही.

पीसीवर स्टीम या दुकानात थोडी सोय आहे. 2015 पासून, 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत. दोन तासांचा जांगड म्हणा. पण ओपन वर्ल्डमध्ये दोन तासांत नायिकेचे केस निवडून होतात आणि सुरुवातीचं गाव जेमतेम संपतं.

'स्टार वॉर्स आउटलॉज'वर आमच्या गच्चीत खरं भांडण झालं. 2024 चा ऑगस्ट, हिऱ्यात मंदी. सुरतेतल्या एका मोठ्या कंपनीने 50 हजार कामगारांना दहा दिवसांची सुट्टी दिलेली. 30 तारखेला हा गेम आला. जास्त पैसे भरणाऱ्यांना तीन दिवस आधी, पण त्यातल्या प्लेस्टेशनच्या काही खेळाडूंना सांगण्यात आलं की नव्या पॅचसाठी जुना सेव्ह टाकून पहिल्यापासून सुरू करा. नायिका के व्हेस ही भुरटी चोर, सोबत निक्स नावाचं जनावर, जे गार्डचं लक्ष वेधतं, खिसा मारतं. काही मिशनांत मात्र कुणी पाहिलं की खेळ खलास, पुन्हा मागून. भावाचं म्हणणं, "चोराच्या गेममध्ये लपायचं नाही तर काय वरात काढायची?" खालच्या मजल्यावरचा पटेल तावातावाने म्हणाला, "अरे भाई, पकडला गेलो तर पळू तरी दे ना!"

मला पटेलचं पटलं. पकडल्यावर पळणं, पुन्हा लपणं, गार्डला चकवणं, ही स्टेल्थची अर्धी लज्जत आहे. पाहिलं की संपलं, हा नियम तेव्हाच चालतो जेव्हा गार्डची नजर शंभर टक्के विश्वासाची असते. आयजीआयमध्येसुद्धा अलार्म वाजल्यावर पळायला वाव होता. आउटलॉजच्या कंपनीलाही हे उमगलं असावं. 21 नोव्हेंबर 2024 च्या 1.4 अपडेटमध्ये ही सक्ती जवळजवळ सगळ्या मिशनांतून काढली.

आपल्या मराठी मुलुखाचाही या धंद्याशी संबंध आहे. युबिसॉफ्टचा पुण्यात 2008 पासून स्टुडिओ, 2018 पासून मुंबईतही. 2020 च्या सप्टेंबरात 'प्रिन्स ऑफ पर्शिया: सँड्स ऑफ टाइम' नव्याने करण्याची घोषणा झाली ती या दोघांच्या नावावर. ट्रेलर बघून लोकांनी चित्रांना नावं ठेवली, तारीख पुढे गेली, पुन्हा गेली, आणि मे 2022 मध्ये काम कॅनडात मॉन्ट्रियलला नेलं. वाईट वाटलं. पण कच्चा माल बाजारात आणला नाही, एवढं मी पुण्याच्या बाजूने बोलणारच.

त्या 1.4 अपडेटनंतर भाऊ पुन्हा आउटलॉज खेळायला बसला. थंडी पडली होती, आई शेजारी उंधियुसाठी कतारगामची पापडी निवडत होती. प्रत्येक शेंग उघडून, आत अळी नाही ना बघून. आता पकडलं गेलं तरी चालत होतं, बंदूकही काढता येत होती. भाऊ खोक्यामागे बसला, गार्ड आला, आणि याने कॉटवर मान खाली घातली.

आईने शेंगेतून नजर न काढता विचारलं, "गया का तो?"