उणे 238 अंशांवरचा कॅमेरा

डिसेंबरात रात्री नऊच्या सुमारास पेणहून पाहिले तर मृग नक्षत्र पूर्वेला डोंगरांवर चांगले वर आलेले असते. वडखळ-डोलवीकडच्या झगमगाटातही बाणाचे तीन तारे ओळखू येतात. त्यांच्यापासून थोडे ईशान्येला एम-78 आहे. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही आणि लहान दुर्बिणीतही एक पुसट डाग एवढाच दिसतो. त्याचा प्रकाश त्याचा स्वतःचा नव्हे. सुकेळी खिंडीत पावसाळी धुक्यात समोरच्या गाडीच्या दिव्याआधी त्याची सफेदी दिसते, तसाच हा प्रकार: जवळच्या ताऱ्यांचा उजेड धुळीवर विखुरतो आणि धूळच उजळल्यासारखी वाटते. हा परावर्तन तेजोमेघ. त्याला खेटून असतात ते कृष्णमेघ. तिथे धूळ एवढी दाट की मागचा तारा दिसणे नाही. नवे तारे जन्मतात ते नेमके तिथेच, म्हणजे बाळंतिणीची खोली कायम बंद.

ती खोली अवरक्त किरणांनी उघडते. एखाद्या ताऱ्याचा दृश्य प्रकाश धुळीने 20 प्रतींनी, म्हणजे 10 कोटी पटींनी मंद केला, तरी 2.2 मायक्रॉनच्या अवरक्त पट्ट्यात तोच तारा साधारण सात-आठ पटींनीच मंद होतो. दिसायला हिशेब सोपा, पण पाहायचे म्हटले की सगळे अवघड होऊन बसते. या कामासाठी मुंबईत घडलेल्या एका यंत्राचा हा परिचय.

यंत्राचे नाव टिरकॅम-2. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अवरक्त खगोलशास्त्र गटाचा हा कॅमेरा. संवेदक इंडियम अँटिमोनाइडचा, 512 बाय 512 बिंदूंचा. आजच्या कोणत्याही मोबाइलपुढे हा आकडा केविलवाणा वाटेल. पण मोबाइलच्या सिलिकॉनला साधारण 1 मायक्रॉनच्या पुढे काही दिसत नाही आणि याला 1 ते 5 मायक्रॉनपर्यंत दिसते. अडचण अशी की या पट्ट्याच्या लांब टोकाला खोलीच्या तापमानाची प्रत्येक वस्तू स्वतःच चमकत असते: दुर्बिणीचा आरसा, नळी, घुमट, वरची हवा, कॅमेऱ्याचे स्वतःचे कवच. म्हणून संवेदक निर्वात पेटीत बंद करून हीलियमच्या बंदिस्त शीतकाने 35 केल्विनवर, म्हणजे उणे 238 अंश सेल्सिअसवर ठेवतात.

एवढे करूनही आकाश उजळच राहते. 3.6 मायक्रॉनला कॅमेरा जास्त वेळ उघडा ठेवून चालत नाही. आकाशाच्याच उष्णतेने संवेदक भरून जातो. म्हणून सेकंदाच्या लहानशा अंशाची असंख्य छायाचित्रे घ्यायची, मधूनमधून दुर्बीण किंचित सरकवायची, मग रिकाम्या आकाशाचे चित्र प्रत्येकातून वजा करायचे आणि उरलेले एकावर एक रचायचे. तारा त्या वजाबाकीतून वर येतो. मला तर हे यंत्र पाहण्यापेक्षा न पाहण्यासाठीच जास्त राबते असे वाटते.

दुसरी वैरीण हवेतली वाफ. ती अवरक्त किरण गिळते, त्यामुळे धरमतर खाडीवरून दमट वारा येणाऱ्या पेण-रोह्याकडे अशा निरीक्षणाची सोय नाही, कुलाब्यालाही नाही. कुलाब्याच्या उपकरणांनी स्थलांतर करणे तसे जुनेच. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून तिथली चुंबकीय वेधशाळा 1904 मध्ये पेणच्या शेजारी अलिबागला आली. टिरकॅम-2 मात्र घाट चढून गेला. जुन्नरजवळ गिरवलीला पुण्याच्या ‘आयुका’ची 2 मीटर व्यासाची दुर्बीण 2006 पासून आहे, आधी तिच्यावर त्याने काम केले. पुढे नैनिताल जिल्ह्यात देवस्थळला, सुमारे 2,400 मीटर उंचीवर, ‘एरीज’ संस्थेची 3.6 मीटरची दुर्बीण 2016 मध्ये सुरू झाली आणि 2017 मध्ये तिच्यावर टिरकॅम-2 ची कसून पारख झाली. तिथे त्याच्या चौकटीत आकाशाचा 86.5 विकलांचा तुकडा मावतो. पूर्ण चंद्राची रुंदी याच्या वीसपट.

हा चिमुकला तुकडा पुरेसा ठरतो, कारण प्रश्न नेमके आहेत. तरुण ताऱ्याभोवती धुळीची तबकडी असेल तर ती ताऱ्याने तापते आणि 3 मायक्रॉनच्या पुढे ताऱ्याहून वेगळी भर घालते. लहान लांबीच्या पट्ट्यांत नुसता लालसर दिसणारा तारा धुळीमागे लपलेला म्हातारा आहे की तबकडीवाला तान्हा, हे इथे उलगडते.

परावर्तन तेजोमेघांनी तर शास्त्रज्ञांना चांगलेच चकवले होते. ताऱ्यापासून इतक्या दूरची धूळ थंड असायला हवी. पण 1984 मध्ये क्रिस सेलग्रेन यांनी दाखवले की एनजीसी 7023, एनजीसी 2023 आणि एम-78 यांचा अवरक्त प्रकाश सुमारे 1,000 केल्विनच्या कणांसारखा आहे, आणि ताऱ्यापासून दूर गेले तरी ते तापमान बदलत नाही. त्यांनी सुचवलेले कारण असे: काही कण इतके सूक्ष्म, की अतिनील प्रकाशाचा एकच कण आदळला तरी ते क्षणभर लालबुंद तापतात आणि लगेच निवतात. त्याच सुमारास फ्रान्समध्ये लेजे आणि प्यूजे यांनी 3.3 मायक्रॉनच्या ठळक रेषेचे नाते अनेक कड्यांच्या हायड्रोकार्बन रेणूंशी जोडले. डांबरात, काजळीत सापडतात त्या कुळातले हे रेणू. टिरकॅम-2 मध्ये 3.28 मायक्रॉनची गाळणी बसवली आहे ती याच रेणूंसाठी. शार्पलेस 61 सारख्या ठळक मेघांतला त्यांचा प्रकाश तिने टिपलाही आहे.

देवस्थळच्या त्याच दुर्बिणीला आता टॅनस्पेक हा वर्णपटमापकही मिळाला आहे. तो टाटा संस्था आणि एरीज यांचा मिळून. ताऱ्यांच्या वर्णपटाचे काम त्याच्याकडे, पण त्याची नजर 2.5 मायक्रॉनला थांबते. त्यापलीकडचे चित्र हवे असेल, तर पाऊस संपून हवा कोरडी पडल्यावर टिरकॅम-2 पुन्हा थंड करून दुर्बिणीला जोडावा लागतो.