ओले अंथरूण : शिक्षा नको, समजूत हवी

उन्हाळी सुटी जवळ आली की वाशिम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर येथील घरांतून मुलांच्या धार्मिक शिबिरांची तयारी सुरू होते. कारंजा येथील महावीर ब्रह्मचर्याश्रम गुरुकुलाची स्थापना १९१८ सालची; मुलांना घराबाहेर ठेवून शिकविण्याची परंपरा या जिल्ह्यात शंभर वर्षांहून जुनी आहे. तरीही आठ-दहा वर्षांचे एखादे मूल ऐनवेळी पोटदुखीचे निमित्त सांगून जाण्याचे टाळते. झोपेत अंथरूण ओले होईल आणि सोबतची मुले हसतील, हे त्याच्या मनातील खरे भय असते.

असे मूल एकटे नसते. वयाच्या पाचव्या वर्षी सुमारे १५ टक्के मुलांना हा त्रास असतो. सातव्या वर्षी ५ ते १० टक्के मुलांत तो आढळतो. चाळीस मुलांच्या वर्गात अशी दोन ते चार मुले सहज असू शकतात. प्रमाण मुलग्यांत अधिक असते. पुढे दरवर्षी यांपैकी सुमारे १५ टक्के मुले आपोआप बरी होतात.

कारण शरीरात

रात्री मेंदूतून स्रवणारे एक संप्रेरक मूत्रनिर्मिती मंदावते. काही मुलांत ते उशिरा पुरेसे होऊ लागते. काहींचे मूत्राशय लहान असते, तर काहींना मूत्राशय भरल्याची जाणीव गाढ झोपेत होत नाही. आनुवंशिकताही प्रबळ आहे. आई-वडिलांपैकी एकास बालपणी हा त्रास असल्यास अपत्यास तो होण्याची शक्यता चाळीस टक्क्यांच्या वर, आणि दोघांस असल्यास सत्तर टक्क्यांच्या वर असते. म्हणून ‘आळशी’, ‘निर्लज्ज’ हे शब्द अन्यायाचे ठरतात. एकत्र कुटुंबात पाहुण्यांसमोर केलेला उल्लेख मुलाच्या मनात वर्षानुवर्षे राहतो.

पाण्याचा हिशेब

सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा नियम येथे उपकारक आहे. झोपण्याआधीच्या दोन तासांत पाणी कमी असावे, असेच डॉक्टरही सांगतात. मात्र एक बाब लक्षात घ्यावी. शाळेतील अस्वच्छ स्वच्छतागृहामुळे अनेक मुले दिवसभर पाणी पीत नाहीत. घरी परतल्यावर ती सूर्यास्ताच्या घाईत दोन-तीन पेले एकदम रिचवतात आणि लवकर झोपी जातात. विदर्भाच्या उन्हात एकूण पाणी मुळीच तोडू नये. त्याचा मोठा वाटा सकाळी व दुपारी द्यावा. दर दोन-तीन तासांनी व झोपण्यापूर्वी लघवीस जाण्याची सवय लावावी. सायंकाळचा चहा व कोला बंद करावा. बद्धकोष्ठता असल्यास भरलेले आतडे मूत्राशयावर दाब देते. तिच्यावर प्रथम उपाय करावा.

दुकानात रोजमेळ लिहिला जातो, तशी दोन आठवड्यांची नोंद घरीही ठेवावी : किती पाणी, केव्हा, शौचास झाले की नाही, रात्र कोरडी की ओली. डॉक्टरांना या नोंदीचा फार उपयोग होतो. ओल्या रात्रीबद्दल शिक्षा नसावी. सकाळी चादर बदलण्यास मुलाने हात लावावा, तोही मदत म्हणून.

उपचार आहेत

ओल लागताच वाजणारा गजर दोन-तीन महिने नेटाने वापरल्यास बहुसंख्य मुलांना गुण येतो. सुरुवातीस मुलाला जागे करण्यासाठी पालकांना उठावे लागते. शिबिर वा प्रवासापुरते डेस्मोप्रेसिन हे औषध देता येते, परंतु डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. त्या रात्री पाण्याचे बंधन काटेकोर पाळावे लागते. शिबिरातील एका विश्वासू शिक्षकास खाजगीत कल्पना द्यावी आणि पिशवीत एक जादा चादर व कपडे ठेवावेत.

सहा महिने कोरडे राहिलेले मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले, दिवसाही कपडे ओले होऊ लागले, लघवीस जळजळ झाली, झोपेत मोठे घोरणे असले, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. फार तहान लागून वजन घटत असेल, तर मधुमेहाच्या शंकेने त्याच दिवशी रक्तातील साखर तपासावी. गंडेदोऱ्यांत वेळ दवडू नये.

वडिलांनी वा काकांनी ‘लहानपणी मलाही असेच होत असे’ एवढे खरेपणाने सांगितले, तरी मुलाच्या मनावरील निम्मे ओझे उतरते.